बापानं दिलेले दात

एकविसाव्या वाढदिवसाला एफीला बापानं नवे दात दिले.

कॅलम बुशमध्ये तेव्हा यात नवल काहीच नव्हतं. न्यूझीलंडच्या त्या दक्षिण टोकाला पोरीला एकवीस वर्षं पूर्ण झाली, की घराची किल्ली आता तुझी, या अर्थी लाकडाची मोठी रुपेरी किल्ली देत, केक कापत, आणि बाप जरा बऱ्यापैकी कमावता असला तर दात देत. म्हणजे आधीचे होते ते सगळे उपटून टाकत आणि वरखाली कवळी बसवून देत. दात काय, आज ना उद्या किडायचेच. मग दुखणार, मग नवऱ्याला भुर्दंड. त्यापेक्षा एकदाच काय तो निकाल लावून पोरगी बिनघोर सासरी पाठवलेली बरी, असा साधा विचार. गाईगुरांची शिंगं लहानपणीच काढून टाकावीत तसं लोक याबद्दल बोलत, आणि बोलता बोलता चहात बिस्किट बुडवत.

एफीच्या दोन दाढा किडल्या होत्या. बाकीचं तोंड धडधाकट. आदल्या संध्याकाळी तिनं कुंपणाशेजारच्या झाडाचं हिरवं सफरचंद कराकरा खाल्लं होतं.

"बाबा, दोनच दुखतात," ती म्हणाली.

"आज दोन," बाप म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. लेकीवर जीव होता त्याचा, म्हणूनच तर वर्षभर पैसे साठवले होते. अशा प्रेमळ माणसांनी जगाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं दुष्टांना जमलेलं नाही, पण ते असो.

इन्व्हरकार्गिल शहरात जाऊन एका सकाळीत सगळे दात निघाले. येताना ती बापाच्या ट्रकमध्ये तोंडाला टॉवेल लावून बसली होती आणि बाप रस्ताभर शीळ घालत होता. हिरड्या भरून येईपर्यंत ती घराबाहेर पडली नाही. रस्सा प्यायची आणि आरशाकडे पाठ करून केस विंचरायची. मग एक दिवस कवळ्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, एका ओळीत. आईनं तिला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"हे बघ, नवऱ्यासमोर कधी काढायचे नाहीत. झोपतानासुद्धा नाही. बाईला एकदा तसं पाहिलं, की पुरुषाचं मन उडतं ते उडतंच. धुवायचे ते न्हाणीघरात, कडी लावून."

आईच्या तोंडात खोटे दात आहेत, हे एफीला त्या दिवशी कळलं. एकवीस वर्षं एका घरात राहून.

त्याच हिवाळ्यात गावच्या हॉलमध्ये नाच होता. वरच्या अंगाच्या मेंढ्यांच्या फार्मवर नवीन माणूस आला होता, मर्डो मॅक्लीश नावाचा. बाहेरगावचा, लाजाळू, कान लालबुंद. दोन नाच होईपर्यंत तो भिंतीला टेकून टोपी चुरगळत उभा राहिला आणि तिसऱ्याला येऊन म्हणाला, "तुमचे दात फार सुंदर आहेत."

एफीनं तोंडावर नेलेला हात खाली घेतला आणि हसली. झालं. तिथंच तिचं नशीब ठरलं. बाहेरगावच्या त्या माणसाला तिच्या वाढदिवसाचं काही ठाऊक नव्हतं. आपल्याला याच्याशी लग्न करायचंय, हे तिला त्या रात्री कळलं, आणि याला कधी काही कळता कामा नये, हेही.

नाही कळू दिलं तिनं. अठ्ठेचाळीस वर्षं कळू दिलं नाही. न्हाणीघराला आतून कडी. रात्री तोंडात कवळी. पडसं असो, ताप असो, माहेरचं कुणी गेलेलं असो. सफरचंद पुन्हा कधी चावलं नाही. लग्नाच्या मेजवानीत तिनं मटणाचा तुकडा कितीतरी वेळ तोंडात घोळवला आणि शेवटी रुमालात घेतला. पुढं पुढं ती स्वयंपाकघरात उभ्यानंच आधी खाऊन घ्यायची, स्वीडचा कंद उकडून कुस्करलेला, दुधातला पाव, आणि टेबलावर बसली की म्हणायची, "करता करता चाखूनच पोट भरलं बघ." मर्डोला वाटायचं, बायकोचा आहार चिमणीएवढा. निदान एफीला वाटायचं की त्याला तसं वाटतं.

एकदाच तिचा जीव टांगणीला लागला होता, लेकीच्या, रेविनच्या जन्माच्या वेळी. बाळ आडवं आलं. प्रसूतिगृहात तिला गुंगी दिली आणि पुढचं तिला काही आठवत नव्हतं. सकाळी जाग आली तेव्हा बाळ जगलं की गेलं, हे विचारायच्याही आधी तिनं जीभ फिरवून पाहिली. दात जागच्या जागी होते. इथली मोठी नर्स, ही मेट्रन, शहाणी बाई दिसते, असं मनात म्हणून तिनं डोळे मिटले. मग मर्डो आत आला, रात्रभर जागलेला, आणि तिच्या कपाळावर हात ठेवून नुसता उभा राहिला.

पहिल्या कवळ्या सैल झाल्या तेव्हा तिनं दुसऱ्या अगदी तशाच करून घेतल्या, रंग तोच, ठेवण तीच, आणि पहिल्या कोळशाच्या चुलीत जाळून टाकल्या. घरभर घाण वास सुटला. मर्डोला तिनं सांगितलं, रबराचा बूट पडला चुलीत.

आता मर्डोचं सगळंच सैल झालं होतं.

आधी कुत्र्यांची नावं गेली. मग शेजाऱ्यांची. मग इन्व्हरकार्गिलहून दर रविवारी येणारी रेविन दारातून आत आली, की तो "या, बसा" म्हणू लागला. रेविन गाडीत बसून रडायची आणि डोळे पुसून पुन्हा आत यायची. शोना नावाची बाई आठवड्यातून दोनदा त्याला अंघोळ घालायला येई. तिला तो दर वेळी नव्यानं भेटे.

पण एफी त्याला कळत होती. रोज सकाळी ती चहा घेऊन खोलीच्या दारात उभी राहायची आणि हसायची. तो उशीवरून बघायचा. क्षणभर डोळ्यांत नुसतं धुकं असायचं, आणि मग चेहरा उजळायचा. "आलीस होय, पोरी," म्हणायचा. त्या एका क्षणावर एफी अख्खा दिवस काढत होती. तो जेवायचाही फक्त तिच्या हातून. दुसऱ्या कुणी चमचा पुढं केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचा. तो खातोय तोवर घरी राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. खायचं थांबला, तर मग शहरातल्या वृद्धाश्रमात न्यावं लागेल. म्हणजे एफीचं हसू हे त्या घराचं छप्पर होतं, आणि ते हसू दोन कवळ्यांवर उभं होतं.

आणि नेमकं तेव्हाच तिचं तोंड पेटलं.

तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडत होत्या, टाळू जळत होता, ते सगळं ती वर्षानुवर्षं सोसत आली होती. पण आता खालची कवळी बोलता बोलता तरंगायची. ती जिभेनं दाबून धरायची, पावडर लावून चिकटवायची. जिभेच्या डाव्या बाजूला, खाली, एक जखम झाली होती आणि ती महिना उलटला तरी भरत नव्हती. एका रविवारी रेविननं तिला शब्द गिळताना पकडलं.

"आई, तोंड उघड."

"काही नाही गं. गरम चहा लागला."

"उघड म्हणते ना!"

दुसऱ्याच दिवशी शोनाला मर्डोपाशी बसवून रेविन आईला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर प्रिंगल म्हणजे तिशीतली हसतमुख पोरगी होती. आत बघितल्यावर तिचं हसू थांबलं.

"एफी, रात्री कवळ्या कुठं ठेवता?"

"तोंडात."

"रोज?"

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टरनं हातातला आरसा खाली ठेवला. "टाळू सोललेल्या मांसासारखा झालाय. कवळीखाली वारा नाही, लाळ नाही, बुरशी धरलीय. रात्री तरी हिरड्यांना मोकळं सोडायचं असतं हो. आणि हे खालचं हाड बघा. दात असतात तोवर हाडाला धरून ठेवायचं काम असतं. दात गेले की ते झिजत जातं, पावसाखालच्या बांधासारखं. तुमचं आता दोरीएवढं उरलंय. कवळीनं बसावं तरी कशावर?"

"काढले तेव्हा चांगले होते," एफी म्हणाली. "दोनच किडले होते."

डॉक्टरनं त्या जखमेवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हिची कड टणक लागतेय. मला आवडली नाही. दोन आठवडे दोन्ही कवळ्या तोंडात घालायच्या नाहीत. दिवसाही नाही, रात्रीही नाही. औषध देते. जखम भरली तर कवळीचा दोष, आपण नवीन करू. नाही भरली, तर ड्यूनेडिनच्या मोठ्या इस्पितळात जाऊन तुकडा काढून तपासावा लागेल."

"कसला तुकडा?" रेविननं विचारलं.

"कॅन्सर नाही ना, एवढं बघायला."

परतताना गारांचा पाऊस लागला. रेविन दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवत होती.

"ऐकणार आहेस ना तू?"

"ऐकते की."

"आई, बाबांना आज कुठला वार ते कळत नाही. लपवतेस कुणापासून?"

"त्याला वार कळत नाही," एफी म्हणाली. "मी कळते."

तिनं ऐकलं नाही, हे सांगायला नकोच. मर्डो झोपला की ती न्हाणीघरात कडी लावून तासभर कवळ्या काढून बसायची, औषध लावायची, की पुन्हा घालायची. जखम होती तशीच राहिली. पुढच्या रविवारी रेविननं तिला दारातच गाठलं आणि जे बोलायचं ते सगळं बोलली. शेवटी तिचा आवाज फुटला. "बाबा तर चाललेच आहेत. तूही जाणार आहेस का? मी कुणाकडं बघू?"

ते वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एफीनं दोन्ही कवळ्या न्हाणीघरातल्या पेल्यात ठेवल्या, गळ्याचा स्कार्फ तोंडावर ओढून घेतला आणि चहा घेऊन खोलीच्या दारात उभी राहिली. स्कार्फआड हसणं दिसणार कसं? तिनं तो खाली घेतला.

मर्डोच्या डोळ्यांतलं धुकं हललं नाही.

"कोण तुम्ही?"

"मर्डो, मी आहे," ती म्हणाली. पण ते शब्द तिचे तिलाच ओळखू आले नाहीत. दातांवाचून 'स' आणि 'श' कुठंतरी विरून जात होते आणि ओठ आत ओढले जात होते.

"एफी कुठंय?"

"मीच एफी रे."

त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि तो घाबरला. खरोखर घाबरला, लहान मूल अनोळखी घरात घाबरतं तसा. पांघरूण छातीशी ओढून तो भिंतीकडं सरकला. ओटच्या पॉरिजचा चमचा पुढं केला तर ओठ मिटून घेतले. दुपारी तेच. "माझ्या बायकोला बोलवा," एवढंच म्हणत राहिला, आधी रागानं, मग विनवण्या करत. संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात चहाचे दोन घोट गेले होते.

एफी न्हाणीघरात गेली. सुजलेल्या हिरडीवर खालची कवळी दाबताना तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिनं तोंडात आलेलं रक्त धुतलं, ओठ पुसले आणि खोलीच्या दारात येऊन हसली.

"आलीस होय, पोरी!" मर्डो म्हणाला. "कुठं गेली होतीस? इथं एक म्हातारी आली होती बघ. अगदी बोळकं तोंड तिचं. म्हणते काय, मीच एफी!"

आणि तो हसला. एफीही हसली, हसण्यासाठीच तर आली होती ती. त्यानं वाडगंभर मटणाचा रस्सा तिच्या हातून संपवला.

तिनं ठरवलं, बस्स. ड्यूनेडिन नको, दोन आठवडे नकोत, काही नको. तो आहे तोवर हे दात तोंडात राहतील, मग आत काय सडायचं ते सडो. माणूस अठ्ठेचाळीस वर्षं एक गोष्ट जपतो ती शेवटच्या थोड्या दिवसांत सोडायला नव्हे. रेविनला काय सांगायचं ते तिनं मनात जुळवूनही ठेवलं.

पण शरीराला मनाचं ठरवणं मान्य असतंच असं नाही. त्या आठवड्याअखेरीस तिचा गाल सुजला, अंगात ताप भरला, आणि संसारात पहिल्यांदाच दात काढून ठेवून ती आडवी झाली. पेला उशाशी ठेवला, त्यावर रुमाल टाकला. उजाडायच्या आत उठून घालायचे, असं घोकत घोकत तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीबाहेर लख्ख उजाडलं होतं. शेजारची जागा रिकामी. पेलाही रिकामा.

मर्डो स्वयंपाकघरात होता. पायजम्यावर जाड कोट चढवून, टोपी घालून, भिंतीलगतच्या खुर्चीवर ताठ बसला होता. उजवा हात कोटाच्या खिशात. एफीला आत येताना पाहून तो चटकन उठून उभा राहिला आणि टोपी काढली. आज तो घाबरलेला नव्हता. अदबीनं उभा होता.

"काही झालं का, मेट्रन?" त्यानं विचारलं.

एफी टेबलापाशी आली. "काय व्हायचंय?"

"बाळ. आडवं आलंय म्हणाला होतात." त्याचा आवाज खाली आला. "ती बरी आहे ना?"

तिला कळायला थोडा वेळ लागला. तापानं डोकं जड होतं. मग कळलं आणि ती खुर्चीवर बसली.

"बरी आहे," ती म्हणाली. "खिशात काय आहे तुमच्या?"

मर्डोनं आधी दाराकडं पाहिलं, मग हळूच रुमालाची पुरचुंडी बाहेर काढली, पण हातातून सोडली नाही. "तुम्हीच तर दिलेत. म्हणालात, गुंगी द्यायची तर हे तोंडात नकोत, जपून ठेवा. मी जपलेत. पडू दिले नाहीत."

"द्या इकडे."

"नाही हो." त्यानं पुरचुंडी छातीशी धरली. "ती शुद्धीवर यायच्या आत तिच्या तोंडात परत गेले पाहिजेत. तुम्ही बोलावलंत की मी स्वतः आत घेऊन येणार. तिला कळता कामा नये की मी पाहिले."

एफीचा हात आपोआप तोंडावर गेला.

"तिला वाटतं मला ठाऊक नाही," तो हळू आवाजात म्हणाला. आता त्याला बोलायला माणूस मिळालं होतं, रात्रभर बाकड्यावर बसलेल्या माणसाला मिळावं तसं. "मला आजवर नव्हतंच ठाऊक. पण ठीक आहे ना, त्यात काय एवढं? माझ्या आईचे तर सगळे पडले होते. पण ही फार जपते हो. न्हाणीघराला कडी लावते. रात्री झोपेत कण्हते, मला वाटायचं स्वप्नं पडतात. आत्ता कळलं कशानं कण्हते ते."

"मग सांगा की तिला."

"कसं सांगू?" टोपी त्याच्या हातात चुरगळत होती. "चूक माझीच आहे. पहिल्या भेटीत मी दातांचंच बोललो. मला दुसरंच बोलायचं होतं. तिचं चालणं मला आवडलं होतं, ती शेजारणीचं पोर कडेवर घेऊन सगळ्या हॉलभर नाचली होती, ते आवडलं होतं. पण पोरीशी बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. काय बोलावं सुचेना, म्हणून दातांचं बोललो. तेवढंच तोंडातून निघालं."

चुलीवर किटली खदखदत होती. बाहेर वाऱ्यानं पत्रा वाजत होता. एफीच्या दातांवाचूनच्या तोंडात ती जखम ठसठसत होती आणि तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. कुणावर ओरडणार? बापावर? आईवर? समोरच्या या माणसावर, ज्यानं एक गोष्ट जपायची म्हणून सगळं आयुष्य ब्र काढला नव्हता? दोघं एकाच पलंगावर शेजारी शेजारी झोपत आले होते, ती दुखणं लपवत आणि तो दुखणं ऐकत. एकानं तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्याचं तोंड वाचलं असतं.

"आज बाहेर आली की सांगतो," मर्डो म्हणाला. "म्हणावं, रात्री काढून ठेवत जा, मी दिवा मालवत जाईन हवं तर." मग स्वतःशीच, "नाही जमायचं मला. तिला वाईट वाटेल. तुम्हीही बोलू नका हं, मेट्रन."

"नाही बोलत," एफी म्हणाली.

तिनं चहा केला. आल्याची कडक बिस्किटं पुढं ठेवली. मर्डोनं एक उचललं, तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि काही न बोलता ते चहात बुडवून, चांगलं मऊ होईपर्यंत धरून, बशीत ठेवून तिच्याकडं सरकवलं. तिनं ते खाल्लं. एवढ्या वर्षांत ती त्याच्यासमोर बसून पहिल्यांदाच काही मनापासून खात होती. मग तिनं पॉरिज पुढं ठेवलं आणि म्हटलं, "खाऊन घ्या, तिनंच निरोप दिलाय." त्यानं सगळं खाल्लं.

त्या दिवशी त्यानं दात दिले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तो झोपल्यावर खिशातून काढून घेता आले असते. एकदा तिचा हात तिथवर गेलाही. पण झोपेतही त्याची मूठ त्या पुरचुंडीवर आवळलेली होती, आणि ती मूठ सोडवायचं तिच्या हातून झालं नाही. इतकी वर्षं तिनं एकटीनं राखण केली होती. आता त्याला करू दे.

दात त्याच्या खिशात गेल्याला दोन आठवडे झाल्यावर रेविन तिला डॉक्टर प्रिंगलकडं घेऊन गेली. टाळू गुलाबी झाला होता. डॉक्टरनं जखमेच्या जागी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि खुर्ची मागं सारून हसली.

"भरत आलीय. कड मऊ झालीय. ड्यूनेडिनची गरज दिसत नाही. शाबास एफी, खरंच ऐकलंत तुम्ही!" रेविननं आईचा हात दाबला. "आता हाड कमी असलं तरी बेतानं नवीन करू. जुन्या घेऊन या म्हणजे चेहऱ्याची ठेवण तीच राहील."

"त्या माझ्या नवऱ्याच्या खिशात आहेत," एफी म्हणाली. "बायको आल्याशिवाय देणार नाही म्हणतो."

डॉक्टरनं रेविनकडं पाहिलं. रेविननं मान खाली घातली.

घरी पोचल्या तेव्हा शोना निघायच्या तयारीत होती. मर्डो भिंतीलगतच्या खुर्चीवर, कोट चढवून, हात खिशात घालून बसला होता. आताशा तो रोज असाच बसायचा, आणि 'आलीस होय' हे शब्द त्या घरात पुन्हा उच्चारले गेले नव्हते. एफीला पाहून तो उठला, टोपी काढली.

"काही बातमी, मेट्रन?"

"अजून वेळ आहे थोडा," एफी म्हणाली. तिनं कोट खुंटीला अडकवला आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. रेविन दारातच थांबली होती.

"तिला फार दुखतंय का हो?" मर्डोनं विचारलं.

एफीनं जीभ त्या जागेवरून फिरवली.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही दुखत."